बेळगावची थंडी आणि घरातली लहान मुले: नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

कोकण, गोवा किंवा मुंबईकडून नोकरीनिमित्त बेळगावात येणारी कुटुंबे पावसाळ्याची चौकशी आवर्जून करतात, थंडीची मात्र कोणी करत नाही. मी मूळची रत्नागिरीकडची. लग्नानंतर इथे आले आणि दोन्ही मुले इथल्याच हवेत वाढवली. दिवाळीनंतर गल्लीत नवे बिऱ्हाड आले, की ज्या गोष्टी सांगाव्या लागतात, त्याच येथे लिहिते आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि जुनी माणसे त्याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत आली आहेत. असे असले तरी डिसेंबर-जानेवारीतली दुपार येथे उबदार असते. पारा तिशीच्या आसपास जातो आणि पहाटे तोच पंधराच्याही खाली उतरतो. मुलांना बाधते ती नुसती थंडी नव्हे, तर एका दिवसातली ही चढउतार. सकाळी शाळेला जाताना घातलेला स्वेटर दुपारी अंगावर तसाच राहतो, मूल घामाघूम होते आणि संध्याकाळी त्याच ओलसर सदऱ्यावर गार वारा लागतो. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत आणि ऊन चढेल तसे ते उतरवावेत. आपल्याला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर जास्त, एवढा हिशेब तान्ह्या बाळाला पुरतो. झबले, कुंची आणि दुपटे असताना खोलीत झोपवताना पुन्हा कानटोपी घालून तोंडापर्यंत पांघरूण ओढण्याची गरज नसते. बाळाची मान आणि पाठ चाचपून पाहावी, ती घामेजलेली असेल तर एक कपडा कमी करावा. वाकळ मोठ्यांसाठी उत्तम, तान्ह्या बाळावर मात्र ती जड होते.

आता सगळ्यात महत्त्वाचे, म्हणजे आंघोळीचे पाणी आणि खोलीतली ऊब. शहापूर, वडगाव किंवा शहरातल्या जुन्या गल्ल्यांतली घरे अरुंद आणि लांबट असतात, शेजारच्या घराला भिंतीला भिंत लागलेली असते आणि मधल्या खोलीला बहुधा खिडकीच नसते. अशा खोलीत बाळंतिणीसाठी कोळशाची शेगडी ठेवून, वर ओव्याची धुरी देऊन दार लावून घेण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. तिच्यामागची माया मला कळते, पण पद्धत धोक्याची आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. शेक द्यायचाच असेल तर फडके दुसऱ्या खोलीत गरम करून आणावे, ते आधी स्वतःच्या गालाला लावून पाहावे आणि शेगडी झोपण्याच्या खोलीत आणूच नये.

गॅस गिझरचेही तसेच आहे. भाड्याचे घर पाहताना हॉलची फरशी पाहण्याआधी न्हाणीघर पाहावे. गिझर आतल्या भिंतीवर बसवलेला असेल आणि वारा खेळायला झरोका नसेल, तर तो बाहेर बसवून द्यावा, अशी अट घरमालकांना राहायला येण्यापूर्वीच घालावी; आपले सामान आत गेल्यानंतर ते काम सहसा होत नाही. तोवर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच मुलाला आत न्यावे. न्हाताना मुलाचे डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा ते एकाएकी मलूल झाले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे. मागीलदारी परस असलेल्या घरांत अजून तांब्याचा बंब पेटतो आणि तो उघड्यावर असल्यामुळे त्याची भीती नाही. फक्त रांगत्या मुलाला त्याच्या आसपास फिरकू देऊ नये. पाणी कोपराने पाहावे, कारण रोजच्या कामाने हाताच्या तळव्याला गरम-गारातला फरक तेवढा जाणवत नाही.

तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई येथे सहज मिळते आणि ती घरात आली की अर्धी गल्ली ओळखीची होते. सकाळचे ऊन अंगणात आल्यावर ती पाय पसरून बसते, बाळाला पालथे पायांवर घेते आणि कोमट तेलाने पाठ, मांड्या, तळवे असे रगडते, की पाहणाऱ्याचेच अंग मोकळे व्हावे. तेवढे तिला करू द्यावे. पण बाळाच्या नाकात आणि कानात तेल सोडण्याची तिची सवय मात्र थांबवावी, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. “मावशी, नाकात तेल नको हं, डॉक्टर आम्हाला रागावतात,” असे म्हटले की तिचा मान राहतो आणि आपले कामही होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हेही त्याच सुरात सांगावे.

सर्दी-खोकला या दिवसांत होणारच. औषधाच्या दुकानातून खोकल्याचे औषध परस्पर आणू नये. सर्दीच्या एका प्रचलित मिश्र औषधावर, चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिलेला आहे. कापराची पुडी बाळाच्या गळ्यात बांधू नये, तोंडात गेलेला कापूर विषारी ठरतो. साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक घरी ओळखता येतो. मूल शांत असताना त्याचे झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. शहरात बहुतेक ठिकाणी मराठी समजते, परंतु दवाखान्यातली नर्स धारवाड-विजयपूरकडची असू शकते, तेव्हा ताप म्हणजे ज्वर, खोकला म्हणजे केम्मू आणि सर्दी म्हणजे नेगडी एवढे तीन शब्द पाठ असावेत. महाराष्ट्रातून आणलेले लसीकरणाचे कार्ड अंगणवाडीत किंवा आशाताईंना लगेच दाखवावे. वेळापत्रक देशभर एकच असल्याने दिलेल्या लसी पुन्हा द्याव्या लागत नाहीत, राहिलेल्या तेवढ्या मिळतात.

खाण्यापिण्याच्या दृष्टीने हे दिवस येथे फार चांगले असतात. तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांतली रताळी, नवा तांदूळ, नवा गूळ आणि बेळगावी मसूर यांवर लहान मुलाचे जेवण सहज निघते. मऊ भातावर मसुराचे वरण आणि तूप घातले, की रुसलेले मूलही जेवते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाण होते आणि नव्या घराला शेजारच्या काकूंचे बोलावणे हमखास येते. जरूर जावे, आपल्याकडेही करावे. मात्र डोक्यावरून ओतलेली बोरे, हरभरे आणि शेंगदाणे गोळा करण्यासाठी मुलांची झुंबड उडते आणि तेच पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकतात. आम्ही लहानग्यांसाठी चुरमुरे घेतो आणि बोरे फक्त ताटात शोभेला ठेवतो.

बाहेर पडण्याबद्दल थोडक्यात सांगते. ऊस गाळपाचा हंगाम ऐन भरात असल्याने अंधार पडल्यावर रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, आणि पहाटेच्या धुक्यात त्या जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. मूल दुचाकीवर असेल तर या वेळा टाळाव्यात. मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेमुळे त्या बाजूच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरमध्ये इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हा मोर्चे आणि बंदोबस्तामुळे शाळेच्या गाडीला उशीर होतो, म्हणून दप्तरात एक जास्तीचा खाऊ आणि पातळ स्वेटर असू द्यावा. सीमावाद तापला की सीमेवरची बस वाहतूक थांबते; डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकात येणाऱ्या गाड्या काही काळ बंद ठेवल्या होत्या. त्यामुळे बाळंतपणासाठी किंवा मूल सांभाळायला गावाहून आजी येणार असतील, तर त्यांचे मिरज-लोंढा मार्गावरचे रेल्वेचे आरक्षण आधीच काढावे आणि त्यांच्या नेहमीच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या सोबत आणायला सांगावे.