सुपरिन्टेंडेंट निवडला जाण्याआधी पालकांनी करायची तयारी

न्यू जर्सीत घर शोधताना आपण मराठी माणसं आधी शाळा बघतो. स्कूल डिस्ट्रिक्टचं रँकिंग तोंडपाठ असतं, पण तिथला सुपरिन्टेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांचा प्रमुख, कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. आमच्याकडे नवीन सुपरिन्टेंडेंट आल्याचं मला शाळेच्या ईमेलमधून कळलं, आणि पुढच्याच वर्षी दोन मैलांच्या आत राहणाऱ्या लहान मुलांची बस बंद झाली. राज्याच्या कायद्याने ती बस देणं बंधनकारक नाही, हे मला तेव्हा समजलं. मी स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेले, बोलले, पण निर्णय होऊन गेला होता. म्हणून सांगते, तुमच्या टाउनमधले सुपरिन्टेंडेंट निवृत्त होणार असं कानावर आलं, की त्याच आठवड्यात कामाला लागा.

आधी स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, सदस्यांची नावं एका कागदावर लिहून काढा. बहुतेक ठिकाणी ते नऊ जण असतात, निवडून आलेले, तीन वर्षांसाठी, बिनपगारी. सुपरिन्टेंडेंट नेमायचं काम त्यांचं. कोणाच्या जागेसाठी येत्या नोव्हेंबरला निवडणूक आहे, तेही नावापुढे लिहा. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत देता येणार नाही, पण मीटिंगमध्ये बोलता नक्की येतं. तिथे नाव आणि पत्ता विचारतात, व्हिसा नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण या एका गैरसमजापायी आपली कितीतरी माणसं घरी बसतात.

मग कॅलेंडर बघा. शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि नवीन माणूस शक्यतो तेव्हाच रुजू होतो. त्यामुळे शोध त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेला असतो. बोर्ड हे काम कधी राज्याच्या स्कूल बोर्ड्स असोसिएशनकडे देतं, कधी खासगी कंपनीकडे. जाहिरात निघण्याच्या सुमारास पालकांना सर्व्हे पाठवतात, एखादी खुली बैठक घेतात. आपल्या शब्दाला वजन असतं ते इथेच. पुढच्या मुलाखती बंद दाराआड होतात. १९७५च्या खुल्या सभांच्या कायद्यात नेमणुकीच्या चर्चेला तशी सूट आहे, उघड होतं ते फक्त शेवटचं मतदान.

तेव्हा सर्व्हे भरण्याआधी चार घरी फोन करा. आपल्या ओळखीच्या लोकांत विषय गणिताच्या ॲडव्हान्स्ड वर्गावर सुरू होतो आणि तिथेच संपतो. ज्यांच्या मुलाला स्पेशल एज्युकेशन लागतं, ज्यांचं मूल नुकतंच भारतातून आलंय आणि वर्गात गप्प बसतं, ज्यांची मुलगी हायस्कूलच्या ताणाने रात्र रात्र झोपत नाही, त्या आईवडिलांना आवर्जून विचारा. ‘दर्जेदार शिक्षण हवं’ असं लिहू नका, त्यातून बोर्डाला काहीच कळत नाही. ‘सहाव्या इयत्तेतल्या मुलांना समुपदेशकाला भेटायला तीन आठवडे थांबावं लागतं’ असं लिहा.

उमेदवाराचं नाव कळलं, तर राज्याचं स्कूल ॲडमिनिस्ट्रेटरचं प्रमाणपत्र आहे ना, एवढी खात्री करून घ्या. पण प्रमाणपत्र म्हणजे फक्त उंबरठा. खरी माणसाची ओळख त्याच्या सध्याच्या डिस्ट्रिक्टच्या सभांच्या इतिवृत्तांत सापडते. ती वेबसाइटवर असतात, दोन वर्षांची वाचा. पालक चिडून उभे राहिले तेव्हा उत्तर काय मिळालं? मुख्याध्यापक टिकले की एकामागून एक निघून गेले? राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये परीक्षेच्या गुणांआधी गैरहजेरीचा आकडा बघा. १० टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८, शाळा बुडवणारं मूल त्यात मोजलं जातं. हा आकडा तीन-चार वर्षांत खाली आणलेला माणूस मला चकचकीत भाषण करणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

पैशांचा प्रश्न टाळू नका. काही अपवाद सोडले तर शाळेसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि २०१८च्या कायद्यानंतर बऱ्याच डिस्ट्रिक्टना मिळणारी राज्याची मदत वर्षागणिक घटत गेली. कात्री लावायची वेळ आली तर आधी कुठे लावाल, आणि कुठे कधीच लावणार नाही? हा प्रश्न उमेदवाराला विचारला जावा, असं बोर्डाला लेखी कळवा.

करार तीन ते पाच वर्षांचा असतो. तो अजेंड्यावर आला की मागवून वाचा, पगाराच्या आकड्याशी थांबू नका, कामाचं मूल्यमापन कसं होणार ते शोधा.

बोलायला मिळतात बहुधा तीन मिनिटं. घरी घड्याळ लावून वाचून बघा. पाच जण जाणार असाल तर पाच वेगळे मुद्दे वाटून घ्या, आणि नाव नोंदवायचा कागद दाराशी असेल तर सभा सुरू होण्याआधी त्यावर नाव घाला. मतदान झाल्यावरही जुलैत नव्या सुपरिन्टेंडेंटची भेट मागा. जाताना मुलं ज्या रस्त्याने चालत शाळेत जातात, त्याचा नकाशा सोबत न्या.