परसबागेतील बीट : या चुका टाळा

दर जानेवारीत मला एकच तक्रार ऐकू येते : पाला भरघोस आला, पण बीट काही पोसले नाही. चौकशी केली की बहुतेकांनी विरळणीच, म्हणजे दाट उगवलेली जास्तीची रोपे काढून टाकणेच, केलेली नसते.

बीटचे जे खडबडीत बी आपण पेरतो, ते एकच बी नसून वाळलेल्या फळांचा गुच्छ असतो आणि त्यातून एकाच जागी दोन ते चार रोपे उगवतात. त्यामुळे अंतर मोजून पेरले तरी दाटी ही होतेच. पहिल्या वर्षी माझ्या वाफ्यात हिरव्यागार ओळी उभ्या राहिल्या तेव्हा एकही रोप काढायला हात धजावला नाही. अडीच महिन्यांनी खुरपी घातली, तर एकमेकांना पीळ घालून बसलेली करंगळीएवढी मुळे हाती आली आणि अख्ख्या वाफ्यातून एका कोशिंबिरीपुरतेही बीट निघाले नाही. तेव्हापासून रोपे बोटभर उंच झाली की प्रत्येक जागी सर्वांत जोमदार असे एकच रोप ठेवून बाकीची मी कात्रीने जमिनीलगत कापतो, कारण उपटताना शेजारच्या रोपाचे मूळ हलते. दोन रोपांत 10 सेंमी अंतर हवेच. कापलेला कोवळा पाला भाजीत घालावा.

महाराष्ट्रात पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत करावी; उन्हाळ्यात वाढलेल्या बीटमध्ये पांढरी वलये उमटतात आणि गोडी उतरते. ताजे शेण घालू नये, कारण त्याने मुळांना फाटे फुटतात. शेणखत पूर्ण कुजलेलेच असावे. झटपट वाढीसाठी युरियाची मूठ टाकणाऱ्यांना पालाच मिळतो, आणि ज्याला दोन महिने धीर धरवत नाही त्याने मेथी पेरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही, असे केल्यास बीट तडकते.

बीट लिंबाहून मोठे आणि क्रिकेटच्या चेंडूहून लहान असतानाच काढावे; त्यापुढे ते दोरकट होते.

साठवणीतल्या चुकीने मात्र मला सर्वाधिक हळहळ वाटते, कारण तिथे पिकवलेले हातचे जाते. एका परिचितांनी सहा किलो बीट काढून स्वच्छ धुतले, सुरीने देठ आणि शेपटी मुळापासून छाटली आणि बंद पिशवीत भरून फ्रिजमध्ये ठेवले. आठवड्याने पिशवीच्या तळाशी लाल पाणी साचले होते आणि बोट लावले तर साल बुळबुळीत लागत होती. बीटला सुरी लागली की रस गळतो आणि त्याच जखमेतून कूज आत शिरते. उलट पाला तसाच ठेवला, तर तो मुळातले पाणी ओढून घेतो. म्हणून पाला हाताने पिळून तोडावा, दोन बोटे देठ राखावा, शेपटीला हात लावू नये आणि माती केवळ झटकावी. मी थोडे बीट छिद्रांच्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवतो आणि उरलेले किंचित ओलसर वाळूच्या थरांत, एकमेकांना टेकणार नाही असे, घराच्या थंड कोपऱ्यात रचतो. दर आठवड्याला वाळू उकरून प्रत्येक बीट दाबून पाहतो आणि जे मऊ लागेल ते त्याच दिवशी शिजवतो.