मोरीला बोळा, दरवाजा मोकळा: घरखर्चातल्या या चुका टाळा

काटकसर करणाऱ्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कोणी तपासत नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी घासाघीस होते, दुधाची पिशवी विसळून घेतली जाते, आणि त्याच घरात क्रेडिट कार्डाचं बिल मात्र ‘मिनिमम ड्यू’ एवढंच भरलं जातं. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास टक्के व्याज चढत राहतं. हातातून जाणारी नोट दिसते. दुरुस्तीत, वीजबिलात, दवाखान्यात जाणारे पैसे वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या खात्यातून जातात, त्यामुळे आपल्या ‘बचती’शी त्यांचा संबंध आहे हे लक्षातच येत नाही.

घरोघरी दिसणाऱ्या अशा काही चुका खाली आहेत. सगळ्या सारख्या महागात पडत नाहीत. काहींत शंभर-दोनशे रुपये जातात, एक-दोन मात्र थेट जिवावर बेततात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी

ही माझ्या मते सगळ्यांत वेडगळ बचत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये शंभर-दीडशे रुपयांत मिळतं आणि ते कित्येक महिने पुरतं. बॅटरी बदलायची झाली तर बारा-पंधरा हजार मोजावे लागतात. तरीही ‘पाणीच तर आहे’ म्हणून नळाखाली तांब्या धरला जातो. नळाच्या पाण्यातले क्षार बॅटरीच्या प्लेटांवर बसतात आणि तिची ताकद हळूहळू कमी होते. हे एका दिवसात घडत नाही, म्हणून दोष शेवटी कंपनीच्या माथी जातो.

आरओचं पाणीही चालत नाही, त्यातही थोडे क्षार उरतातच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत जमवून बॅटरीत घालणारेही आहेत. त्यात धूळ असते, आतल्या कॉइलवरून आलेले धातूचे अंश असतात. ते पाणी फरशी पुसायला उत्तम.

बॅकअप अचानक कमी झालाय असं वाटलं तर नवीन बॅटरीच्या चौकशीआधी दोन गोष्टी बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का? असेल तर इन्व्हर्टर बंद करून, वायरी सोडवून, गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसा आणि कोरडं झाल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. मग पाण्याची पातळी दाखवणारे दांडे बघा. खुणेच्या खाली गेले असतील तरच पाणी घाला, आणि काठोकाठ भरू नका, नाहीतर चार्जिंगच्या वेळी आम्ल बाहेर येतं. सहापैकी एकाच कप्प्यात सारखं पाणी कमी होत असेल तर तो सेल जायला लागला आहे असं समजा आणि मेकॅनिकला बोलवा.

चार्जरचं बटण बंद, पंखा मात्र बाबा आदमच्या काळातला

मोबाइलचा चार्जर प्लगला राहिला म्हणून घरात रोज कुणीतरी ओरडा खातं. साधा दहा वॅटचा चार्जर रोज दोन तास चालवला तरी महिन्याला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज जाते. नुसता प्लगला राहिला तर त्याहून कितीतरी कमी. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण इथे चपखल बसते.

डोक्यावर फिरणारा जुना पंखा ७०-८० वॅट खातो. बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी वीज खाणारा) ३० वॅटच्या आसपास. फरक ४५ वॅटचा धरला आणि पंखा रोज १५ तास चालला तर महिन्याला वीस युनिटं वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: १०१वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं नाही. पहिली १०० युनिटं आपल्या दरानेच राहतात, वरची तेवढी महाग होतात. म्हणजे तुमचा वापर १८० युनिट असेल, तर वाचणारी वीस युनिटं ही त्या महागड्या ऐंशीतली असतात. युनिटाला दहा रुपये धरले तरी महिन्याला दोनशे सुटतात. तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात स्वतःची किंमत वसूल करतो.

पण म्हणून घरातले सगळे पंखे एकदम बदलायला निघू नका. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला तीन तास चालत असेल तर महिन्याला जेमतेम चार युनिटं, म्हणजे चाळीस रुपये वाचतील. तिथे जुनाच राहू द्या. हॉल आणि झोपायची खोली एवढंच बदला.

रात्री फ्रिज बंद करणं हा असाच एक उद्योग. आतलं तापमान चढतं, सकाळी फ्रिजला ते पुन्हा उतरवावं लागतं, आणि उन्हाळ्यात दूध नासलं तर वाचलेली वीज दुधाच्याच पैशांत फिटते. फ्रिज सारखा चालू राहतोय असं वाटलं तर दाराच्या रबराची परीक्षा घ्या. दार लावताना मध्ये एक नोट धरा. दार बंद असताना ती सहज सरकून बाहेर आली तर रबर सैल झालं आहे. ते आधी साबणाच्या पाण्याने पुसून बघा, बऱ्याचदा मळच साचलेला असतो.

वर्षाचं धान्य भरलं, खाणारे कमी

एप्रिल-मे आला की वर्षाची बेगमी करायची, ही आपली जुनी आणि चांगली सवय. ज्या घरांत दोन्ही वेळा पोळ्या लाटल्या जातात, तिथे आजही ती फायद्याची आहे. पण ती पद्धत मोठ्या घरांसाठी होती, जिथे गहू चार-पाच महिन्यांत निम्मा व्हायचा आणि वाळवायला गच्ची किंवा अंगण असायचं. आज तिघांचं घर, दुपारचं जेवण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, आठवड्यातून दोनदा पोळीभाजी केंद्रातून पोळ्या, आणि तरीही सवयीने क्विंटलभर लोकवन घरात येतो.

आकडे बघा. रोज पंधरा पोळ्या लागणाऱ्या घराला महिन्याला साधारण पंधरा किलो गहू लागतो. क्विंटल सहा-सात महिन्यांत संपतो, म्हणजे पावसाळा पार करतो पण फार रेंगाळत नाही. ज्या घरात रोज सहाच पोळ्या होतात, तिथे तोच गहू सव्वा-दीड वर्ष पडून राहतो. एकदम घेतल्याने किलोमागे चार-पाच रुपये सुटले, तर क्विंटलमागे फायदा चार-पाचशेचा. त्यातला पंधरा किलो गहू पोरकिड्यांनी पोखरला तर तो सगळा फायदा गेला आणि वर खिशातून दीड-दोनशे गेले. उरलेला निवडण्यात गेलेले रविवार वेगळेच.

धान्य भरायचंच असेल तर काय चुकतं ते सांगते. उन्हात वाळवलेला गहू तापलेला असतानाच कोठीत भरला जातो. आत वाफ धरते, ओल येते आणि किडीला आयतं घर मिळतं. गहू सावलीत पूर्ण निवू द्यायचा, मगच भरायचा. कडुलिंबाचा पाला ओला टाकला तर बुरशी धरते, तो खडखडीत वाळलेला हवा. जुन्या धान्याच्या तळातल्या चुऱ्यावर नवीन धान्य ओतणं ही तिसरी चूक. मागच्या वर्षीची अंडी त्या चुऱ्यात आणि कोपऱ्यांत असतात. कोठी रिकामी करा, झाडा, पुसा, एक दिवस कडक उन्हात उघडी ठेवा.

रवा, पोहे, डाळी, कडधान्यं यांना हा सगळा खटाटोप लागत नाही. महिना-दोन महिन्यांचं आणा. पिशवी आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर आत असलेली अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी न उघडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. रवा भाजून ठेवण्याची आजीची युक्तीही अजून चालते.

आता गंभीर मुद्दा. किडीवर ‘जालीम उपाय’ म्हणून काही ठिकाणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुट्या विकल्या जातात. त्या स्वस्त असतात आणि कीडही मरते. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. राहत्या घरात, धान्याच्या पोत्यांत ही गोळी ठेवल्याने झोपेतच माणसं दगावली आहेत. गोदामातल्या, प्रशिक्षित माणसांच्या वापराची ती वस्तू आहे. कुणी कितीही आपुलकीने दिली तरी घरात आणू नका. सगळं क्विंटलभर धान्य वाया गेलं तरी चालेल.

गॅस: दोनशे रुपयांची नळी आणि बाथरूममधला गीझर

शेगडीची केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते, आत्ता उठून बघा. बाजारात मिळणारी साधी हिरवी रबरी नळी स्वस्त पडते, पण आत तारेचं वेष्टण नसतं आणि उंदराला ती खाऊच वाटते. गळतीची शंका आली तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. काडी ओढून बघणारे महाभाग अजूनही आहेत.

गॅस गीझरचं गणित कागदावर छान दिसतं, वीजबिल खाली येतं. पण तो बसवतात कुठे? पाइप वाचवायचा म्हणून बाथरूमच्या आतच. बंद दार, बंद खिडकी, जळणारा गॅस. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी चक्कर येते, मग दार उघडायचंही बळ राहत नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत बसवून गरम पाणी पाइपने आत आणा. तेवढी सोय नसेल तर गॅस गीझर घेऊच नका.

कुकरची शिट्टी उशिरा होते, कडेने वाफ जाते, वरण कच्चं राहतं: रबर बदला, शे-दीडशेचं काम आहे. मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या. टपरीवरचा ‘सगळ्यांना बसणारा’ नको.

तळणीचं तेल

चकलीचं तेल फेकवत नाही, हे खरं आहे आणि फेकूही नये. गाळून ठेवा, एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा पुन्हा त्यातच तळणं आणि वर नवीन तेल ओतत राहणं वाईट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या अपायकारक घटकांना) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती घरी मोजता येत नाही, पण तेल काळपट, चिकट झालं, फेसाळलं किंवा लवकर धूर सोडू लागलं की त्याचं आयुष्य संपलं. खरी बचत आधीच होते: कढई लहान घ्या. घाणे दोन जास्त होतील, पण तेल निम्मं लागेल.

लांबचा स्वस्त बाजार

उपनगरातून बारा किलोमीटरवरच्या मार्केट यार्डात स्कूटरवर जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे पंचावन्न रुपये पेट्रोललाच गेले. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून, महिन्यातून एकदा, कांदे-बटाटे-लसूण असा टिकाऊ माल आणला तर परवडतं. मेथीच्या दोन जुड्यांसाठी नाही.

प्रीमियम वाढला म्हणून आरोग्यविमा सोडणं

‘चार वर्षं भरतोय, एकदाही क्लेम नाही, पैसे फुकट गेले’ हे वाक्य साठीच्या आसपासच्या घरांत हमखास ऐकू येतं. मग एका वर्षी हप्ता भरला जात नाही. वार्षिक हप्त्याला साधारण तीस दिवसांची वाढीव मुदत असते. तीही उलटली की पॉलिसी संपते. मधल्या काळात मधुमेह किंवा रक्तदाब निघालेला असतो. नवीन पॉलिसी घेतली तर हे आता ‘आधीपासूनचे आजार’ ठरतात आणि त्यांचा खर्च मिळण्यासाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कधीकधी कंपनी पॉलिसी द्यायलाच नकार देते. पाच वर्षं सलग भरलेल्या पॉलिसीत फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणाखाली क्लेम नाकारता येत नाही. चौथ्या वर्षी सोडणारा माणूस नेमकं हेच संरक्षण घालवतो.

हप्ता खरोखर झेपत नसेल तर सोडण्याआधी बाकीचे मार्ग बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे जुन्या रकमेवरून ठरवू नका, नवीन आकडा मागवा. मूळ पॉलिसी लहान ठेवून वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी) घेतला तर तेवढंच संरक्षण बरंच स्वस्तात बसतं. एजंटने स्वतःहून सांगितलं नाही तर विचारा, कारण त्याचं कमिशन हप्त्यावर असतं. कंपनी बदलायची असेल तर चालू पॉलिसीच नव्या कंपनीकडे वळवून घ्या, म्हणजे पोर्ट करा, त्यामुळे भरलेली प्रतीक्षेची वर्षं सोबत येतात. मात्र पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. दुधाचे खाडे ज्या कॅलेंडरवर मांडता, त्यावरच नूतनीकरणाच्या साठ दिवस आधीच्या तारखेला खूण करून ठेवा.