स्कोअर स्ट्रोकचा, थेसिस एएफवर

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षी थेसिसचा विषय ठरवायला जेमतेम काही महिने मिळतात, आणि त्यातले निम्मे इमर्जन्सी ड्युटीत जातात. गाईड मॅडम म्हणाल्या, "चॅड्स-व्हॅस्कवरून लपलेलं एएफ ओळखता येतं का, बघतेस?" मी लगेच हो म्हटलं. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाची अनियमित लय, जिच्यामुळे स्ट्रोक होऊ शकतो. चॅड्स-व्हॅस्क म्हणजे त्या स्ट्रोकचा धोका गुणांत मोजणारा स्कोअर. स्कोअर पाठ होता, ओपीडीत साठीपुढचे पेशंट ढिगाने होते. या विषयाकडे कुणी वळत असेल, तर माझं कुठे कुठे अडलं ते आधी ऐका.

पहिली ठेच सिनॉप्सिस (थेसिसचा आराखडा) लिहून झाल्यावर लागली. हा स्कोअर एएफ शोधायला बनलेलाच नाही. २०१० साली तो आला, तो ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन असल्याचं आधीच माहीत आहे त्यांच्यापैकी रक्त पातळ करणारी गोळी कुणाला द्यायची हे ठरवायला. हार्ट फेल्युअर, बीपी, डायबेटिस, रक्तवाहिन्यांचा आजार यांचा एकेक गुण, ६५ ते ७४ वयाचा एक, पंचाहत्तरीपासून दोन, आधीच्या स्ट्रोकचे दोन आणि बाई असल्याचा एक. जास्तीत जास्त ९. मग तो एएफ ओळखायलाही थोडाफार का चालतो? वय, बीपी, हार्ट फेल्युअर यांनी एएफचाही धोका वाढतो म्हणून. त्यातही बराचसा भार एकटं वयच उचलतं. बाईपणाचा गुण तर इथे चक्क उलटा पडतो, कारण एकाच वयाच्या बायका आणि पुरुष घेतले तर एएफ पुरुषांत जास्त. (२०२४ च्या युरोपियन गाईडलाइनने हा गुण वगळला, पण तो स्ट्रोकच्या हिशेबातून. कारण वेगळं.)

एएफचं भाकीत करायलाच बनवलेला सी-टू-हेस्ट स्कोअर २०१९ मध्ये आला. चीनमधल्या माहितीवर बांधलेला, कोरियात तपासलेला. त्यात कोरोनरी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा) आजार, सीओपीडी (धुरानेही होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), बीपी, पंचाहत्तरी, सिस्टोलिक हार्ट फेल्युअर आणि थायरॉईड आहे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायका ज्या वॉर्डात येतात, तिथे सीओपीडीला गुण देणारा स्कोअर मला जास्त पटतो. दोन्ही काढा, शेजारी ठेवा. नुसत्या चॅड्स-व्हॅस्कवर थेसिस लिहिलात तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतील.

आता केस शीट. स्कोअर कागदावर नेमका दिसतो, भरताना दमछाक होते. आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेले पेशंट मोजायचं मी नंतर सोडून दिलं. एक मावशी कार्डावर ६८ वर्षांच्या. "७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे, तेव्हा थोरला शाळेत होता," म्हणाल्या. म्हणजे पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, आणि एका वाक्यात त्यांचा स्कोअर ४ वरून ५ झाला. दुष्काळ, कोयनेचा भूकंप, लग्न, थोरल्याचं वय हे विचारत चला. "स्ट्रोक झाला होता का?" या प्रश्नाला मान नकारार्थी हलते, "अंगावरून वारं गेलं होतं का?" म्हटलं की शेजारी उभी असलेली सून सगळं सांगते. तोंड वाकडं होऊन तासाभरात सरळ झालं, अशा गोष्टी कुठल्याच कागदावर नसतात. बीपीची गोळी स्वतःहून बंद केलेलाही बीपीचाच पेशंट, त्याचा गुण सोडू नका.

रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद होणं) मात्र आधीच वगळा. आपल्याकडे तिशीतली बाई एएफ घेऊन येते, स्कोअर असतो १, आणि रक्त पातळ करणारी गोळी तरीही लागतेच. मध्यम किंवा तीव्र स्टेनोसिसला हा स्कोअर लावायचाच नसतो. मी सुरुवातीचे काही पेशंट न वगळता घेतले होते. ते पुन्हा बाहेर काढताना अख्खा मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटांच्या माहितीचा तक्ता) बदलावा लागला.

सॅम्पल साइज ठरवताना किती माणसं घेतली यापेक्षा एएफ किती जणांत सापडेल हे धरा. दोनशे पेशंटांत आठ एएफ निघाले, तर त्यांवर आठ घटकांचं रिग्रेशन (कुठल्या घटकाचा किती वाटा, हे काढणारं गणित) चालवणं म्हणजे पोरखेळ. आणि समजा, हजार जणांत ३० एएफ आहेत, तुमचा कट-ऑफ (ज्या गुणापासून पुढे एएफचा संशय धरायचा तो आकडा) त्यातले २४ पकडतो, पण निरोगी ९७० पैकी निम्म्यांनाही पकडतो. म्हणजे ५०९ होल्टर (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारं मशीन) लावायचे, २४ सापडायचे. विभागात होल्टर किती आहेत ते आधी मोजून या.

होल्टर उन्हाळ्यात लावू नका, घामाने इलेक्ट्रोड सुटतात. आंघोळीला काढून ठेवलेलं मशीन हा तर रोजचा प्रकार.

सगळ्यात जास्त मला सतावलं ते 'एएफ नाही' या रकान्याने. डेन्मार्कच्या लूप अभ्यासात (२०२१) ७० ते ९० वयाच्या, स्ट्रोकचा धोका असलेल्या सहा हजार माणसांपैकी चौथ्या हिश्शाला त्वचेखाली हृदयाची लय सतत नोंदवणारा रेकॉर्डर बसवला होता. त्यांच्यात ३१.८ टक्क्यांना एएफ सापडलं. नेहमीसारखी तपासणी झालेल्यांत १२.२ टक्क्यांना. स्ट्रोक थोडे कमी झाले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. माझ्याकडे होता २४ तासांचा होल्टर.

खडी फोडणाऱ्या त्या मावशींचा होल्टर स्वच्छ निघाला. दोन महिन्यांनी मोतीबिंदूच्या फिटनेससाठी आल्या. नाडी हाताला लागताच शंका आली, ईसीजी काढला, पी वेव्ह कुठेच नाही, म्हणजे एएफच. गोळी त्याच दिवशी सुरू केली. मास्टर चार्ट तोवर स्टॅटिशियनकडे गेला होता, आणि त्यात मावशींच्या नावापुढे 'एएफ नाही' असंच आहे.