फर्नेस चालू, पण हवा गार: मोबाइल होममधला पहिला हिवाळा

कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याहून अमेरिकेतल्या कोलंबस, इंडियानाला येणाऱ्यांचा ओघ वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातलं एखादं कुटुंब गावाबाहेर मोबाइल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं घर) भाड्याने घेतं. भाडं परवडतं, गाडी दाराशी लागते, मुलं नाचली तर खालच्या मजल्यावरून तक्रार येत नाही. घर चांगलंच असतं, पण त्याची फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि डक्ट (गरम हवा नेणारे मार्ग) साध्या घरापेक्षा वेगळे असतात आणि ते आधी कोणी समजावून सांगत नाही. मग कडाक्याच्या थंडीत जमिनीतल्या जाळीतून गार वारा येऊ लागला, की घरात तान्हं बाळ असलेल्यांचा जीव नुसता टांगणीला लागतो.

घाबरू नका. वारा येतोय म्हणजे ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) चालू आहे, गडबड बहुधा आच पेटण्यात किंवा टिकण्यात आहे. आधी थर्मोस्टॅट (तापमान ठरवायचं भिंतीवरचं यंत्र) बघा. पंख्याचं बटण 'ऑन'वर असेल तर बर्नर (आच पेटते तो भाग) बंद असतानाही ब्लोअर फिरतच राहतो आणि मधूनमधून गार हवा येते. ते 'ऑटो'वर करा, मोड 'हीट' आहे ना ते बघा, बॅटरी बदला. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

नाही झालं, तर फिल्टर. मोबाइल होमची फर्नेस बहुतेक वेळा पॅसेजमधल्या अरुंद कपाटात उभी असते. घरातली हवा परत नेणारा वेगळा डक्ट तिला सहसा नसतो. कपाटाच्या दाराला ज्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतूनच ती हवा ओढते. आपली माणसं नेमकं त्याच कपाटात झाडू, रिकाम्या बॅगा, तांदळाची पोती रचून ठेवतात. कृपा करून ते कपाट रिकामं ठेवा. फिल्टर बहुधा फर्नेसच्याच दाराच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे राहून गेलेल्यांपैकी कित्येकांनी तो कधी बघितलेलाच नसतो. फर्नेस बंद करून तो काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर त्याच मापाचा साधा फिल्टर आणा. जास्त जाड, महागडा घेऊ नका, त्यातून या फर्नेसला पुरेशी हवा ओढता येत नाही.

हवा कमी पडली की फर्नेस आतून जास्त तापते, लिमिट स्विच (जास्त तापल्यावर आपोआप चालणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद करतो आणि थंड व्हायला ब्लोअर फिरत राहतो. म्हणून थोडा वेळ गरम, थोडा वेळ गार असं चक्र दिसतं. जमिनीतल्या जाळ्यांवर गादी किंवा सतरंजी पसरली तरी हेच होतं. या घरांत उष्ण हवा खालूनच येते, तेव्हा जाळ्या मोकळ्या ठेवूनच अंथरूण घाला.

गॅसच्या नव्या फर्नेसमध्ये पेटण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी छोटी मोटर घुरघुरते, मग इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) नारिंगी तापतो, वाल्व टक्‌ करतो, ज्योत धरते आणि थोड्या वेळाने ब्लोअर सुरू होतो. ज्योत धरून काही सेकंदांत विझत असेल तर फ्लेम सेन्सरवर (ज्योत आहे की नाही ते ओळखणाऱ्या भागावर) थर साचलेला असण्याची शक्यता जास्त. छोट्या खिडकीतून लुकलुकणारा दिवा दिसला तर तो किती वेळा लुकलुकतो ते मोजून लिहून ठेवा. त्याचा अर्थ दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर असतो. वीज बंद केली की ही खूण बऱ्याचदा पुसली जाते, म्हणून आधी नोंद, मग बाकी सगळं. प्रोपेनवर चालणाऱ्या घरात टाकीचा काटाही बघा. फर्नेस विजेवर असेल तर तिचे ब्रेकर दोन किंवा जास्त असू शकतात. त्यातला एक पडला तरी पंखा फिरतो आणि हवा कोमट येते. ब्रेकर एकदा पूर्ण 'ऑफ'कडे नेऊन पुन्हा वर करा. परत पडला तर हात लावू नका.

आणखी एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे घराखालची. डक्ट घराच्या फरशीखालच्या पोकळीत असतात आणि दुहेरी (दोन तुकडे जोडून केलेल्या) घरात दोन भाग जोडणारा जाड नळ खालून जातो. तो सुटला किंवा प्राण्यांनी फाडला, तर बर्नर मस्त पेटतो आणि सगळी ऊब घराखाली जाते. अर्धं घर गरम, अर्धं गार असेल तर स्कर्टिंगचा (घराच्या तळाभोवतीच्या आवरणाचा) तुकडा काढून टॉर्च मारा.

कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, म्हणजे गॅस गळत असेल, तर दिव्याचं बटणही न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांब गेल्यावर ९११ हा आपत्कालीन नंबर लावा. ऊब यावी म्हणून ओव्हनचं दार उघडं ठेवणं, घरात शेगडी पेटवणं हे जिवावर बेतणारं आहे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्याचा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ हवाच. पाहुण्यांकडून मागून आणलेला हीटर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावा आणि अंथरुणापासून निदान तीन फूट लांब ठेवा.

घरमालकाला फोन कराच, पण मेसेजही पाठवा, वेळ आणि फोटोसकट. टेक्निशियनला फोनवरच 'मोबाइल होमची फर्नेस आहे' असं सांगा. अशा घरांसाठी मान्यता असलेलीच फर्नेस इथे बसवता येते, साध्या घराची चालत नाही. तो येईपर्यंत सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि नळ बारीक धारेवर सोडा, नाहीतर घराखालचे पाइप गोठतात.