शकुंतलेच्या मार्गावरील बंद स्टेशनचा इतिहास कसा शोधावा

शकुंतला म्हणजे विदर्भातली अरुंद रुळांची (नॅरोगेज) जुनी रेल्वे. तिच्या मूर्तिजापूर–अचलपूर आणि मूर्तिजापूर–यवतमाळ या दोन फाट्यांवरील कोणतेही स्टेशन घ्या, पहिला घोळ सुरू होण्याच्या सालाचा निघतो. 1903, 1910, 1913, 1916 ही सगळी सालं सर्रास सांगितली जातात. त्यांतले एक खरे आणि बाकीची खोटी असे धरून चालू नका. मंजुरी, कंपनीची स्थापना, बांधकाम आणि पहिली गाडी यांच्या तारखा वेगळ्या असतात. वहीत प्रत्येक तारखेपुढे ‘कशाची?’ आणि ‘कोणत्या कागदावरून?’ असे दोन रकाने आखा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती तारीख लेखात घेऊ नका.

मार्गाचे टप्पे कधी खुले झाले हे रेल्वे बोर्डाच्या ‘हिस्ट्री ऑफ इंडियन रेल्वेज कन्स्ट्रक्टेड अँड इन प्रोग्रेस’ या ग्रंथात पाहावे. पण टप्पा खुला झाला त्याच दिवशी मधली सगळी स्टेशनं सुरू झाली असे नसते. त्यासाठी जुनी वेळापत्रकं लागतात. एका आवृत्तीत नाव नाही आणि पुढच्या आवृत्तीत आहे, तर स्टेशन त्या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान सुरू झाले, एवढेच लिहा.

यवतमाळ (1908), अकोला (1910) आणि अमरावती (1911) या जिल्ह्यांची ब्रिटिश गॅझेटिअरं (सरकारी माहितीग्रंथ) या मार्गावर गाड्या धावू लागण्याआधीची आहेत. त्यांत तुमचे स्टेशन सापडणार नाही. तरीही ती वाचाच, कारण रेल्वेआधी कापूस कोणत्या रस्त्याने जात होता ते तिथेच कळते. कारंज्याचा कापूस बाजार 1886 मध्येच हैदराबाद रेसिडेन्सी ऑर्डरखाली नियंत्रित झाला होता. म्हणजे ‘रेल्वे आली आणि बाजार वसला’ हे आवडते वाक्य निदान कारंज्याला लागू पडत नाही. ‘अभिलेख पटल’ या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पोर्टलवर शोधताना अचलपूरसाठी एलिचपूर आणि यवतमाळसाठी येवतमाळ ही जुनी रूपंही इंग्रजी स्पेलिंगने टाकून पाहा. आजच्या नावांवर थांबलात तर अर्धे कागद हातातून जातात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांच्या जुन्या क्रमांकांनुसार मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा आणि दारव्हा 55H या नकाशात, अंजनगाव आणि अचलपूर 55G मध्ये, तर यवतमाळ 55L मध्ये येते. नव्या ओपन सीरिज नकाशांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून मागणी करताना गावाचे नावही द्या. जुना एक इंची (मैलाला एक इंच) नकाशा 1:63,360 प्रमाणाचा आणि नंतरचा 1:50,000 चा. दोन्ही थेट एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. पूल, विहीर, रस्त्याचे फाटक असे न हललेले किमान चार बिंदू धरून ते संगणकावर बसवा.

आता प्रत्यक्ष जागा. गाड्या थांबल्या म्हणून जमीन मोकळी झाली असे नाही. विनापरवाना प्रवेशाला रेल्वे कायदा, 1989 चे कलम 147 लागते, तेव्हा लेखी परवानगी आधी घ्या. आठवण म्हणून फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) किंवा खिळा उचलणे तर सरळ गुन्हा. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, रुळांच्या आतल्या कडांमध्ये मोजावे. ते 762 मिलिमीटरच्या आसपास येईल. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव, वजन आणि साल उठावाने असते. भर दुपारी ते वाचता येत नाही, म्हणून तिरपा प्रकाश पाडून फोटो घ्या. हे साल रूळ कारखान्यात तयार झाल्याचे असते, टाकल्याचे नव्हे. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ फाट्यांवर पुन्हा वापरत, त्यामुळे स्टेशनपेक्षा रूळ जुना निघू शकतो.

मालकी आणि गाडी चालवणे हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा होता. गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि 1951 नंतर मध्य रेल्वे चालवत असे. कागदही तसेच विभागलेले आहेत. भुसावळ विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करताना (शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस) ‘स्टेशन का बंद केले?’ असे विचारू नका. ‘बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी’ असे लिहा. कायद्याने मिळतो तो नोंदीत असलेला कागद, खुलासा नव्हे. जमिनीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा आणि तलाठ्याकडून फेरफार काढा. संपादनाआधी जमीन कोणाची होती ते त्यात दिसते.

जुन्या गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे) आणि गार्डांना भेटा. कित्येक ठिकाणी तिकिटंही गार्डच देत असे, म्हणून तिकीट खिडकी कधी बंद झाली हे त्यांनाच विचारावे. साल विचारले तर उत्तर अंदाजे मिळते. त्याऐवजी ‘वाफेचे इंजिन होते तेव्हा की डिझेल आल्यावर?’ असे विचारा. तो बदल एप्रिल 1994 चा, त्यामुळे आठवण निदान अलीकडची की पलीकडची ते ठरते. कोणी जुने पुठ्ठ्याचे तिकीट दाखवले तर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. तारखेचा ठसा बहुधा कडेला आणि पुसट असतो. तो लागला नाही तर छापील भाडे वेळापत्रकांतल्या दरांशी ताडून काळ ठरवा.