तळघराच्या भिंतींना पफ पॅनल लावताना: खान्देशातल्या घरांसाठी

चोपड्याला आमच्या घराखाली तळघर आहे. वडिलांनी बियाणं आणि खताच्या गोण्या ठेवायला बांधलेलं. शेती कमी झाली तसं ते रिकामं पडलं, म्हणून एका एप्रिलमध्ये कंत्राटदाराकडून भिंतींना प्लाय मारून वर लॅमिनेट लावून घेतलं. उन्हाळाभर सगळं कोरडं ठणठणीत. पोळ्याच्या सुमारास कुबट वास यायला लागला. एक फळी उचकटून पाहिली, तर मागे भिंतीवर लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेला क्षार, फुटलेला, कापसाच्या तंतूंसारखा पांढरा, आणि प्लायच्या पाठीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या छातीपर्यंत चढलेल्या. सगळं काढून फेकलं. दुसऱ्या वेळी तयार पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेले) लावले, पण त्याआधी भिंतीची ओल बंद करायला पूर्ण एक पावसाळा दिला. खाली लिहिलंय ते त्यातून शिकलेलं.

आधी ठरवा: पॅनल हवेत का?

थंड देशांत तळघराच्या भिंतींना पॅनल लावतात ते आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा जमिनीत आठ-दहा फूट खालची माती बरीच गार असते. तळघर गार लागतं ते या मातीमुळेच. एसी लावणार नसाल आणि भिंत कोरडी असेल, तर पूर्ण भिंतीवर पॅनल लावून तुम्ही तो गारवाच तोडता. अशा वेळी भिंतीचा जमिनीच्या वरचा, ऊन खाणारा दोन-तीन फुटांचा पट्टा तेवढा झाकावा. खरी उष्णता तिथूनच आत येते.

एसी चालणार असेल, किंवा बियाणं, कागदपत्रं, औषधं अशा वस्तू ठरावीक तापमानात ठेवायच्या असतील, तर मात्र पूर्ण भिंत करा.

बांधकाम नियमांत तळघर मुख्यतः साठवण आणि वाहनतळासाठी धरलेलं असतं. वापर बदलणार असाल तर आधी नगरपालिकेत विचारा. अभ्यासिका काढायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: काढू नका. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले.

ओल कुठून येते ते शोधा

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून झिरपतंय. खोलीकडच्या बाजूला ओलसर लागलं तर ते हवेतलं दव आहे. मृगाच्या पावसानंतर दमट हवा तळघरात उतरते आणि गार भिंतीला दव धरते. ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच करा. उन्हाळ्यात केली तर भिंत कोरडीच दिसते, आणि आम्ही फसलो ते इथेच.

झिरप असेल तर पहिला संशय काळ्या मातीवर घ्या. तापीकाठची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दर वर्षीच्या या फुगण्या-आक्रसण्याने भिंतीवर दाब येतो, तडे जातात, आणि पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून सरळ पायापर्यंत पोहोचतं. म्हणून जमेल तिथे भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम भरा, चांगला ठोकून घ्या, आणि वर घरापासून बाहेर उतार असलेली फरशी करा. गच्चीचे पाइप भिंतीच्या मुळाशी मोकळे सोडलेले असतात. ते लांब नेऊन सोडा. आमची अर्धी ओल एवढ्यानेच गेली.

आतून लोणा लागलेला गिलावा काँक्रीट दिसेपर्यंत खरवडा. वाहत्या तड्यांत पीयू ग्राउटिंग (दाबाने पॉलियुरेथेन रसायन भरणं) करून घ्या, मग सिमेंटचं वॉटरप्रूफिंग कोटिंग द्या. आणि थांबा. पुढचा पावसाळा कोरडा गेला तरच पॅनलची ऑर्डर द्या. पॅनलने ओल बंद होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

कोणता पॅनल, किती जाड

पफ पॅनल म्हणजे दोन रंगीत पत्र्यांच्या मधे पीयू फोम. भिंतीसाठी ५० मिमी जाडी पुरते. तेवढंच काम थर्माकोलच्या पॅनलकडून हवं असेल तर साधारण ७५ ते ८० मिमी लागतात, आणि तळघरात प्रत्येक इंच मोलाचा असतो. फोमची घनता ४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास आहे ना, आणि फोम आग न पसरवणारा आहे ना, हे बिलावर लिहून घ्या. तळघरातून बाहेर पडायला बहुतेक एकच जिना असतो, म्हणून इथे घासाघीस करू नका. खर्च परवडला तर पीआयआर (पीयूसारखाच, पण आगीला जास्त टिकणारा) फोम किंवा रॉकवूलचा (दगडी लोकरीचा) पॅनल आगीच्या दृष्टीने जास्त चांगला.

कारागीर शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात केळी पिकवायच्या खोल्या याच पॅनलच्या बांधतात. ज्याने अशा चार खोल्या उभ्या केल्या आहेत त्याला सांधा कसा बंद करायचा हे शिकवावं लागत नाही. सुताराला हे काम देऊ नका.

ऑर्डरच्या आधी जिना मोजा. ५० मिमीच्या पॅनलचं वजन चौरस मीटरला साधारण १० किलो, म्हणजे दोन माणसं सहज उचलतात. पण नऊ फुटांचा ताठ पॅनल जिन्याच्या वळणावर अडकला तर तो वाकवता येत नाही.

उभारणी

भिंत सरळ असेल असं धरून चालू नका. वरून ओळंबा सोडा, दोन्ही टोकांना लाइनदोरी ताणा आणि सगळ्यात पुढे आलेली जागा शोधा. त्या जागेपासून २५ मिमी पुढे जमिनीवर रेघ मारा. भिंत आणि पॅनल यांच्यामधली ही पोकळी ठेवायचीच, कारण उद्या थोडी झिरप झालीच तर पाणी तिथून खाली उतरून भिंतीच्या पायाशी केलेल्या बारीक नालीतून संपकडे (पाणी जमा करायच्या खड्ड्याकडे) जातं.

रेघेवर गॅल्व्हनाइज्ड यू चॅनल बसवा. खाली सिलिकॉनची जाड वात ओढा, मग अँकर मारा. दुसरा चॅनल वर स्लॅबला, ओळंब्यात. भिंतीत एकही भोक पाडू नका, नाहीतर वर्षभर थांबून केलेलं वॉटरप्रूफिंग वाया जाईल. लाकडी चौकट तर नकोच. वाळवी फोमही पोखरते, त्यामुळे चॅनल बसवण्याआधी जमीन आणि भिंत यांच्या कोपऱ्यात वाळवीचं औषध मारून घ्या.

पॅनल कोपऱ्यापासून सुरू करा. पहिला पाणसळीने अगदी उभा बसला पाहिजे. त्यात जरा जरी फरक राहिला तरी पुढच्या प्रत्येक सांध्यात तो वाढत जातो. प्रत्येक खोबणीत सिलिकॉन भरून पुढचा पॅनल त्यात सरकवा, लाकडाचा तुकडा धरून हलकं ठोका. सांधा बसला की सिलिकॉन बारीक रेघेसारखं सगळ्या उंचीभर बाहेर येतं. जिथे रेघ तुटते तिथे पोकळी राहिली आहे, लगेच भरा. दमट हवा खोलीतून पॅनलच्या मागे गेली तर तिथे कोणाला न दिसता बुरशी धरते.

पॅनल कापायला ग्राइंडर वापरू नका, बारीक दातांची जिगसॉ वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी पत्र्याचा रंग जळतो, आणि उडालेला लोखंडी कीस पत्र्यावर राहिला तर आठवड्याभरात तांबूस ठिपके उमटतात. कापून झालं की लगेच मऊ ब्रशने झाडा. थर्माकोलचा पॅनल घेतला असेल तर पेट्रोलसारखा वास येणारा डिंक त्याला लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

वायरिंग

वायर पॅनलच्या पोटातून नेऊ नका. बाहेरून कंड्युट पाइप घ्या, दिसायला थोडं कमी वाटलं तरी चालेल. थर्माकोलला पीव्हीसीची वायर सतत टेकून राहिली तर तिच्या आवरणातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोल शोषून घेतं, आणि आवरण कडक होऊन तडकतं. बंद भिंतीआड असा दोष कुणाला कळत नाही. तळघराच्या सर्किटला वेगळं आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं उपकरण) लावा.

हवा, आणि उघडता येणारी जागा

एक्झॉस्ट पंखा लावाच, पण पावसाळ्यात तो दिवसभर चालवू नका, तो बाहेरची दमट हवा आत ओढतो. त्या दिवसांत एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) बरा.

शेवटचं काम बहुतेक लोक टाळतात. प्रत्येक भिंतीत एक पॅनल स्क्रूवर बसवा, म्हणजे तो काढता येईल. आम्ही जिन्याजवळचा ठेवला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचं सामान काढायला खाली उतरलो की तो उघडतो आणि टॉर्च लावून भिंतीच्या पायापर्यंत पाहतो: लोणा, मातीची नळी, ओला डाग. दहा मिनिटं लागतात. गेल्या पावसाळ्यात नालीत फक्त धूळ होती.